रूळ येईना, रस्ता थांबेना

अर्धापूरने मागितली होती रेल्वे. सरकारला याचा विसर पडला असेल तर त्याने आपलेच दप्तर चाळावे. अर्ज, निवेदने, शिष्टमंडळे, आश्वासने आणि हारतुऱ्यांची छायाचित्रे यांनी ते टम्म फुगलेले आहे. इसापूर धरणाच्या कॅनॉलवर केळी, ऊस आणि हळद पिकवून उत्तर हिंदुस्थानच्या बाजारपेठा भरणारा, नांदेड शहराला अक्षरशः खेटून असलेला हा तालुका ज्या लोखंडी रस्त्याची वाट पाहता पाहता दोन पिढ्यांनी म्हातारा झाला, त्या रस्त्यावरून एकही गाडी आजवर त्याच्या शिवेत शिरलेली नाही. आणि ज्या रस्त्याचे नाव कोणत्या अर्जात नव्हते, कोणत्या ग्रामसभेच्या ठरावात नव्हते, कोणा मतदाराच्या तोंडी कधी आले नव्हते, त्या सहा पदरी द्रुतगती महामार्गाच्या मोजणीचे पथक मात्र भरल्या बागेत खुंट्या ठोकायला निघाले आहे. मागितले ते मिळत नाही. न मागितलेले टळत नाही.

या अन्यायाचा आरंभ कळायला नकाशा पुरेसा आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात हैदराबाद ते मनमाड अशी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन पडली आणि नांदेडला आगगाडी आली. मग १९१२ च्या सुमारास पूर्णेहून हिंगोलीला एक फाटा निघाला. तो वसमतवरून गेला. मुदखेडहून आदिलाबादकडे दुसरा निघाला; तो भोकर, हिमायतनगर, किनवट घेत गेला. या दोन फाट्यांच्या मधल्या पट्ट्यात अर्धापूर, हदगाव आणि पैनगंगेपलीकडचे उमरखेड, पुसद राहिले ते राहिलेच. निजाम गेला, मुक्तिसंग्राम झाला, मराठवाडा विनाअट महाराष्ट्रात आला. मीटरगेजचे ब्रॉडगेज व्हावे एवढ्यासाठी गोविंदभाई श्रॉफांसारख्या मुक्तिसंग्रामाच्या सेनानीला उतारवयात स्वतंत्र देशाच्या सरकारशी पुन्हा झगडावे लागले. २००३ मध्ये नांदेडला रेल्वेचा स्वतंत्र विभागही झाला. पण निजामाच्या इंजिनिअरने जो पट्टा कोरा सोडला होता, तो लोकांनी निवडून दिलेल्या सरकारांनी पाऊण शतक तितक्याच इमानाने कोरा राखला. इतके आज्ञाधारक नोकर खुद्द निजामाला हैदराबादेत लाभले नसतील.

मग २००९ उजाडले. ११ फेब्रुवारीला रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी यवतमाळात वर्धा–यवतमाळ–नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाची पायाभरणी केली. लोकसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती. मुख्यमंत्रिपदी नांदेडचेच अशोकराव चव्हाण होते, केंद्रात आणि राज्यात एकाच आघाडीचे राज्य होते, खर्चातला ४० टक्के वाटा राज्याने उचलायचा असे ठरले, आणि देवळी, कळंब, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, हदगाव, अर्धापूर अशी गावांची नावे ऐकूनच लोकांचे कान तृप्त झाले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, पुन्हा यवतमाळातच, पुन्हा लोकसभेची निवडणूक दोन महिन्यांवर असताना, पंतप्रधानांनी या मार्गावर हिरवा झेंडा दाखवला. कोठून कोठपर्यंत? वर्ध्याहून कळंबपर्यंत. अंतर सुमारे ३९ किलोमीटर. याच चालीने उरलेला मार्ग पुरा व्हायला आणखी नव्वदांहून अधिक वर्षे लागतील, हा त्रैराशिकाचा हिशेब अर्धापूरच्या जिल्हा परिषद शाळेतले पोर पाटीवर करून दाखवील. झेंडा दाखवणारे बदलले, झेंडे बदलले, मुहूर्त मात्र तोच राहिला. निवडणूक आली की या मार्गावर वाफ धरते आणि मतमोजणी झाली की इंजिन थंड पडते.

रेल्वेच्या या कूर्मगतीची कारणे विचारली की साहेब लोक बोटे मोजून सांगतात: भूसंपादन किचकट आहे, डोंगर फोडायचे आहेत, केंद्राचा निधी वेळेवर येत नाही, राज्याचा हप्ता थकतो, अंदाजपत्रक दर चार वर्षांनी फुगते. आम्ही साधी माणसे आहोत. या सबबी आम्ही खऱ्याही मानल्या असत्या. परंतु त्याच सरकारने, त्याच जिल्ह्यांत, त्याच काळ्या जमिनीवर, त्याच तलाठ्या-तहसीलदारांच्या हातून दुसरा एक मार्ग ज्या झपाट्याने रेटला आहे, तो पाहिल्यावर हे सगळे अडथळे केवळ रेल्वेच्याच वाट्याला येतात आणि महामार्ग दिसला की डोंगर आपोआप बाजूला सरतात, निधीचे झरे फुटतात, कायद्यांतून चोरवाटा निघतात, हे सिद्ध झाले आहे.

हा दुसरा मार्ग म्हणजे नागपूर–गोवा शक्तिपीठ द्रुतगती महामार्ग. मूळ आखणीत लांबी ८०२ किलोमीटर, जिल्हे १२, अंदाजे खर्च ८६ हजार कोटींच्या वर. वर्ध्याजवळच्या पवनारहून निघून तो सिंधुदुर्गाच्या टोकाला पत्रादेवीला गोव्याच्या हद्दीवर पोचायचा आहे, आणि वाटेत नांदेड जिल्ह्यातले हदगाव व अर्धापूर हे दोन तालुके त्याला कापून काढायचे आहेत. २०२४ च्या आरंभी तो अधिसूचित झाला. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने त्याच्या भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली: १२ हजार कोटी जमिनीसाठी कर्जाऊ उचलायचे आणि ८,७८७ कोटी त्या कर्जाच्या संभाव्य व्याजापोटी धरून ठेवायचे. सुमारे साडेसात हजार हेक्टर जमीन घ्यायची. वाचकहो, त्या व्याजाच्या आकड्यावर अंमळ थांबा. वर्धा–नांदेड रेल्वेचा अख्खा खर्च काही वर्षांपूर्वी साडेतीन हजार कोटींच्या आसपास सांगितला जात होता. त्यातला ४० टक्के वाटा देताना राज्याची तिजोरी कण्हत होती. आणि ज्या महामार्गाची एक वीटही रचलेली नाही त्याच्या जमिनीच्या कर्जाचे नुसते व्याज त्या संपूर्ण रेल्वेच्या अडीचपट आहे. ही तंगी नव्हे. ही निवड आहे.

आणि हा महामार्ग कशासाठी? नागपूर गोव्याला जोडण्यासाठी म्हणे. जणू आज नागपूरचा मनुष्य बैलगाडीने सिंधुदुर्ग गाठतो! नागपूर–बुटीबोरीहून वर्धा, यवतमाळ, उमरखेड, हदगाव, वारंगा फाटा, अर्धापूर, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा करीत तुळजापूरला जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आमच्या उशाशीच आहे. त्याच्या चौपदरीकरणासाठी याच शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, याच गावांनी धूळ खाल्ली, याच फाट्यांवरची दुकाने पाडली गेली. अकोल्याहून हिंगोलीमार्गे येणारा १६१ क्रमांकाचा महामार्ग वारंग्याला त्यालाच येऊन मिळतो आणि अर्धापूरवरूनच नांदेडला उतरतो. समृद्धी महामार्गाला जोडण्यासाठी जालना–नांदेड या १७९ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाचा घाट वेगळाच. त्याचा संकल्प महाविकास आघाडीच्या राज्यात झाला, म्हणजे आज शक्तिपीठाविरुद्ध छाती पिटणाऱ्या पक्षांचे हातही सिमेंटने माखलेलेच आहेत. एवढ्या रस्त्यांच्या जाळ्यात गुरफटलेल्या तालुक्याला आणखी एक रस्ता, तोही कुंपण घातलेला, दुचाकीला बंदी असलेला, टोल भरल्याशिवाय ज्यावर चढता येत नाही असा, कोणाच्या सोयीसाठी द्यायचा? अर्धापूरचा शेतकरी त्यावरून आपल्या बागेत जाणार नाही. उलट त्याची बाग एका अंगाला आणि आखाडा दुसऱ्या अंगाला पडेल, आणि मधल्या भरावाखालच्या बोगद्यातून पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून तो केळीचे घड डोक्यावर घेऊन जाईल. विकासाचा वेग पाहायचा तर त्याने त्या बोगद्यातून मान वर करून पाहावा.

जमीन घेण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. २०१३ मध्ये संसदेने भूसंपादनाचा नवा कायदा केला. ब्रिटिशांच्या १८९४ च्या कायद्याने शतकभर शेतकऱ्याला नागवले, याची उशिरा का होईना लाज वाटून त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास, जनसुनावणी, पुनर्वसन असे चार शहाणपणाचे अडसर घातले. आमच्या राज्यकर्त्यांना ते अडसर बोचले. त्यांनी १९५५ चा महाराष्ट्र महामार्ग अधिनियम पुढे केला. गावात दवंडी नाही, सुनावणीत कोणी ऐकणारा नाही, आधी अधिसूचना आणि मग चर्चा. गट क्रमांक राजपत्रात छापून आला की शेतकऱ्याने समजायचे की आपल्या सातबाऱ्यावर दुसऱ्याची नजर पडली. ज्या सरकारला आपल्या कामाच्या पुण्याईवर विश्वास आहे, ते जनसुनावणीला भीत नाही. हे भिते.

मावेज्याची लालूच दाखवली जाते. तुम्हाला भाव चांगला मिळेल, पाचपट मिळेल, पोराला गाडी घ्या, नांदेडात प्लॉट घ्या, असे दलाल पारावर बसून सांगतात. अर्धापूरच्या कॅनॉलखालची जमीन म्हणजे काय, हे या दलालांना कळण्याचे कारण नाही. पण सरकारला कळायला हवे, कारण ते पाणी सरकारनेच आणले. पैनगंगेवर इसापूरचे धरण बांधून, मैलोगणती कालवे खोदून, तीस-चाळीस वर्षे सार्वजनिक पैसा ओतून जिरायत बागायत केली. त्या पाण्यावर शेतकऱ्याने विहिरी खोदल्या, पाइपलाइनी टाकल्या, ठिबक अंथरले, टिश्यू कल्चरची रोपे लावली, सोसायटीची आणि बँकेची कर्जे काढली. आज अर्धापुरी केळी दिल्ली-पंजाबच्या बाजारात जाते, आखाती देशांत जाते. एका सरकारी खात्याने अर्ध्या शतकात जे घडवले, ते दुसऱ्या सरकारी खात्याने डांबराखाली गाडायचे, आणि या दोन्ही कर्मांना विकास हेच नाव द्यायचे! मराठवाड्यात ओलिताची जमीन अशी किती आहे? आठमाही पाण्याला महाग असलेल्या प्रदेशात सरकारला रस्त्यासाठी बागायतच दिसावी, याला कुंपणानेच शेत खाल्ले म्हणतात.

देवीच्या नावाचा आडोसा ही या नाटकातली सर्वांत निर्लज्ज गोष्ट. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई यांचे दर्शन भक्तांना सुलभ व्हावे म्हणून हा खटाटोप, असे सांगितले जाते. माहूर आमच्याच जिल्ह्यात आहे. तिथे रेल्वे नाही. नवरात्रात आमच्या आयाबहिणी एसटीच्या दाराला लोंबकळत गडावर जातात. हजारो पायी जातात. त्यांच्यासाठी जादा गाड्या, चांगली बसस्थानके, घाटात सुरक्षित रस्ता, पायथ्याशी स्वच्छतागृहे एवढे केले असते तरी रेणुकेच्या नावाने दुवा मिळाला असता. तो खर्च क्षुल्लक. म्हणूनच तो होत नाही. देवीला खणानारळाची ओटी पुरते. आठशे किलोमीटर सिमेंटची ओटी कोणी बोलली होती? आणि नवस बोलणारा एक आणि फेडणारा दुसरा, मंत्र्याने नवस बोलायचा आणि अर्धापूरच्या कुणब्याने आपली दोन एकर वाहायची, ही कोणत्या पुराणातली रीत? ज्यांना विरोध करायचा त्यांनी जणू देवीलाच विरोध केला, असा कांगावा करता यावा एवढ्याचसाठी हे नाव योजले आहे. आमचा शेतकरी देवभोळा आहे, खुळा नाही.

या महामार्गाची दोन टोकेही मोठ्या दैवयोगाने निवडली गेली आहेत. एक टोक पवनार. तिथे धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. ज्या माणसाने १९५१ पासून पायी देश पालथा घालून हात जोडून जमीन मागितली, आणि लोकांनी ती दिली, त्याच्या अंगणातून पोलीस बंदोबस्तात जमीन घेत निघणारा रस्ता सुरू व्हायचा आहे. दुसरे टोक पत्रादेवी. तिथे १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी निःशस्त्र शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. भूदानापासून सत्याग्रहापर्यंत! आखणी करणाऱ्या अभियंत्याला हे ठाऊक असण्याची गरज नाही, पण खादीचे कुडते घालून गांधीजयंतीला चरख्यापुढे बसणाऱ्या मंत्रिमंडळात एकालाही ते बोचू नये?

आता हेतूकडे येऊ. रेल्वे मंद आणि महामार्ग वेगवान, हा अपघात नाही. रेल्वेत राज्य सरकारने पैसा भरायचा आणि निविदा दुसऱ्याने काढायच्या. गुत्तेदार दिल्लीचा, वाहतुकीचे उत्पन्न दिल्लीचे, श्रेयही दिल्लीचे. मुंबईच्या मंत्रालयातल्या मधमाश्यांना त्या फुलात मध नाही. महामार्गाचे तसे नाही. महामंडळ आपले, कर्ज आपल्या हमीचे, गुत्ते आपल्या माणसांचे, टोल पुढच्या कित्येक वर्षांचा, आणि आखणीची बातमी ज्याला सहा महिने आधी कळते त्याच्यासाठी आसपासच्या जमिनींचा व्यवहार वेगळाच. रेल्वेचे डबे सर्वांसाठी असतात. पन्नास रुपयांचे तिकीट काढून शेतमजूरही गादीवाल्यांच्या गाडीला जोडलेल्या डब्यात बसतो. द्रुतगती मार्ग त्यांच्यासाठी असतो ज्यांच्याकडे मोटार आहे आणि ज्यांना मधल्या गावांशी काही देणेघेणे नाही. म्हणून सामान्यांचा रस्ता कासवाचा आणि गुत्तेदाराचा रस्ता घारीचा. सरकारचा वेग पाहा, हेतू समजेल.

रेल्वे या भूमीला काय देते, हे लातूरकरांना विचारा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडी पडली, शहरात पाण्यासाठी घागरींच्या रांगा लागल्या, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावायची वेळ आली, तेव्हा लातूरची तहान कोणत्या महामार्गाने भागवली? मिरजेहून जलदूत आला तो रुळांवरून. पहिल्या खेपेला १० वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. पुढे वाघिणी वाढल्या आणि पावसाळ्यापर्यंत शहर तगले. तेच रूळ, जे शंभर वर्षांपूर्वी बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद गाडीने लातूरला आले आणि कापूस-तेलबियांच्या मोंढ्याला चारी दिशा मोकळ्या करून गेले. आणि केळीसाठी रेल्वे काय करते, हे अर्धापूरकरांनी जळगावकडे पाहून हळहळत शिकावे: सावदा आणि रावेर या लहानशा स्थानकांवरून तिथले उत्पादक वाघिणी भरून केळी दिल्लीला पाठवत आले आहेत. आमची केळी ट्रकने जाते. ट्रक मिळाला नाही तर बागेत पिकते, डिझेल वाढले तर भाडे वाढते, भाडे वाढले की व्यापारी ते बागवानाच्या भावातून कापतो, आणि नाशवंत माल हातात असलेला माणूस घासाघीस करू शकत नाही. अर्धापूरला मालधक्का असता तर या साखळीतली एक तरी गाठ सुटली असती. सहा पदरी महामार्गाने ती सुटत नाही. फक्त टोलची एक गाठ वाढते.

जाता जाता आणखी एका दैन्याकडे बोट दाखवतो. मराठवाड्यात रेल्वे आणि रस्ते यांनी जन्माला घातलेल्या, पण ज्यांना कोणी आपले म्हटले नाही अशा वस्त्या जागोजागी आहेत. चाकूर तालुक्यातले लातूर रोड पाहा: विकाराबाद–परळीच्या मार्गाला लातूरची लाइन जिथे मिळते ते जंक्शन, पण नावही स्वतःचे नाही, परगावचे. पूर्णेचे पाहा: मीटरगेजच्या काळात इंजिनांच्या शेडवर आणि रेल्वे कॉलनीवर गजबजलेले गाव; रूळ रुंद झाले, शेड गेले, विभागाचे कार्यालय नांदेडला झाले, गावाला कोणी विचारले नाही. वारंगा फाटा पाहा, भोकर फाटा पाहा: चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकाने, खताची गोदामे, लॉज, खासगी दवाखाने, पोटासाठी रस्त्याकडेला आलेली शेकडो कुटुंबे, नाली नाही, नळ नाही, आराखडा नाही, कागदोपत्री शेजारच्या गावची वाडी आणि रस्ता रुंद करायची वेळ आली की अतिक्रमण. खुद्द अर्धापूर १९९९ मध्ये तालुका झाले, ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. पण वाढते गाव कुठे वाढावे, बाजार कुठे बसावा, बसस्थानक आणि होऊ घातलेले रेल्वे स्थानक यांची सांगड कशी घालावी, हे ठरवण्याची उसंत कोणाला मिळाली नाही. सरकार या गावांना वाढू देते, वाढवत नाही. आणि शक्तिपीठ त्यांना तेवढेही देणार नाही. द्रुतगती मार्गाला फाटे नसतात, म्हणून त्यावर फाट्यावरची माणसेही नसतात. समृद्धी महामार्गाच्या वेळी दोन्ही बाजूंना नवनगरे वसवण्याचे चित्र रंगवले होते. ७०१ किलोमीटरचा तो मार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. मोटारी धावतात, टोल गोळा होतो. नवनगरे कुठे आहेत, ते कोणीतरी आम्हाला दाखवावे. आम्ही टोल भरून पाहायला जाऊ.

आणि आता दुटप्पीपणाचा कळस. लोकसभेच्या २०२४ च्या निकालात या महामार्गाच्या वाटेवरच्या मतदारांनी सत्ताधाऱ्यांना चटका दिला, तेव्हा विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घेण्यात आली. निवडणूक जिंकल्यावर महामार्ग पुन्हा जिवंत झाला. पुढे सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडची आखणी बदलण्याची भाषाही सुरू झाली. कोल्हापूरच्या शेतकऱ्याने लढून हे मिळवले, त्याचा आम्हाला हेवा नाही, अभिमान आहे. प्रश्न आम्ही सरकारला विचारतो: पंचगंगेकाठचा ऊस सुपीक आणि पैनगंगेच्या पाण्यावरची केळी नापीक, असा कोणता कृषिशास्त्राचा शोध लागला? कोल्हापूरची अंबाबाई आपली आखणी बदलू देते आणि माहूरची रेणुका देत नाही, असा कौल कोणी लावला? की मराठवाडा १९६० मध्ये विनाअट आला, म्हणून आजही त्याच्याकडून सगळे विनाअटच घ्यायचे?

१ जुलै २०२५ रोजी, कृषिदिनी, बाराही जिल्ह्यांत शेतकरी रस्त्यावर उतरले. मंत्रालयात त्या दिवशी वसंतराव नाईकांच्या प्रतिमेला हार घालणे चालू होते. त्याआधी तीनच महिने, मार्चअखेर, राज्याच्या अर्थमंत्र्यांनी शेतकऱ्यांना बजावले होते की पीककर्जाचे हप्ते भरा, माफीची वाट पाहू नका. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात कर्जमाफीचे वचन देऊन पाच महिनेही झाले नव्हते. वित्त विभागानेच महामार्गाच्या कर्जाच्या बोज्याविषयी सावध केल्याचे वृत्तपत्रांनी छापले. शेतकऱ्याचे कर्ज फेडायला तिजोरी रिकामी, शेतकऱ्याची जमीन काढून घेण्यासाठी कर्ज काढायला तिजोरी भरलेली. अशी तिजोरी फक्त पेढीवर असते, राज्यात नसते.

घरच्या पुढाऱ्यांना आम्ही सोडणार नाही. अर्धापूर भोकर मतदारसंघात येते. शंकरराव चव्हाणांनी जलसंधारणाचा आणि कालव्यांचा ध्यास घेऊन या भागाला पाणी दिले, हे ऋण आमचा शेतकरी आजही मान खाली घालून मानतो. त्यांचे चिरंजीव अशोकराव मुख्यमंत्री झाले, सार्वजनिक बांधकाममंत्री झाले, फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्ष बदलून राज्यसभेत गेले; नात नोव्हेंबरमध्ये भोकरहून विधानसभेत गेली. तीन पिढ्यांना या मातीने सिंहासने दिली. त्या घराण्याकडे अर्धापूरने फार काही मागितलेले नाही: ज्या रेल्वेची पायाभरणी त्यांच्या मुख्यमंत्रिपदी झाली ती घेऊन या, आणि वडिलांच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या बागा वाचवा. दिल्लीत सत्ता आपली, मुंबईत सत्ता आपली, जिल्ह्यात सत्ता आपली असताना याहून सोपे काम कोणत्या लोकप्रतिनिधीला मिळाले असेल? आणि विरोधी बाकांवरच्यांनाही आम्ही विचारतो: २००९ ते २०१४ केंद्रात आणि राज्यात तुमचीच सरकारे होती, तेव्हा हदगावपर्यंत एक रूळ का पडला नाही? तुमचा आजचा कैवार तुमच्या कालच्या झोपेइतकाच खरा आहे काय?

आमचा निर्णय झालेला आहे आणि तो अर्धापूरच्या शिवारात आधीच झालेला आहे. आम्ही तो फक्त छापतो. शक्तिपीठ महामार्गाची नांदेड-हिंगोली-परभणी-बीड-लातूरकडची अधिसूचना कोल्हापूरप्रमाणेच मागे घेतली पाहिजे. भूसंपादनासाठी काढायच्या कर्जातून राज्याचा वाटा आधी वर्धा–नांदेड रेल्वेला दिला पाहिजे, आणि नांदेडच्या टोकाकडून काम जोरात रेटले पाहिजे; यवतमाळची गाडी येईल तेव्हा येईल, नांदेड ते हदगावची लोकल आधी धावायला कोणाचे काय जाते? अर्धापूर स्थानकावर केळीसाठी मालधक्का आणि शीतगृह कागदावर नव्हे, जागेवर आखले पाहिजे. आणि पहिली गाडी अर्धापूरला कोणत्या वर्षी थांबणार, ते वर्ष सरकारने आकड्यात आणि अक्षरात लिहून, खाली मंत्र्याची सही घालून, तहसीलच्या फलकावर चिकटवावे. मोजणीचे पथक त्यानंतर वाटेल तेव्हा पाठवा. रेल्वेच्या जमिनीची मोजणी आम्ही टेप धरून करून देऊ.